रमाबाईंनी कुणाला शिकवायचं?

बाईने पुरुषांना शिकवावं का, हा वाद चर्चमध्ये आजही निघतो. दाखला तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा. पण या वादात आपल्या पंडिता रमाबाईही सापडल्या होत्या, हे किती जणांना माहीत आहे?

१८८३ला त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवायचा विषय निघाला, तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांची हरकत! म्हणे, भारतात त्यांचं वजन कमी होईल.

आता गंमत बघा. आईवडिलांबरोबर देशभर पुराण सांगत फिरलेली ही बाई. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलेलं. रमाबाईंनी सुनावलं, की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने अशी हरकत कधी घेतली नाही.

पुढे केडगावात बसून त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ला त्या गेल्या, १९२४ला ते छापून आलं. इंग्लंडच्या चर्चने बाईला पाळक केलं ते थेट १९९४ला.

ते मराठी बायबल पुरुषांनी उघडलं, तेव्हा त्यांना शिकवत कोण होतं? हरकत घेणाऱ्यांनी एवढंच सांगावं.