डाळीपासून सायटोक्रोमपर्यंत

जळगाव-धुळ्याकडे कळण्याची भाकरी घरोघरी ठाऊक आहे. ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाच्या या भाकरीत रसायनशास्त्राचा एक धडाच दडलेला आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर उडदात ते पुरेसे असते. उडदातील मिथिओनिनची उणीव ज्वारी काही अंशी भरून काढते. डाळी-कडधान्यांतील अशा प्रथिनांच्या अभ्यासाने एका मराठी तरुणीच्या संशोधनाची सुरुवात झाली. तिची पहिली सहा वर्षे आपण येथे पाहू.

कमला भागवत (विवाहानंतर सोहोनी) यांचा जन्म १९११ चा. वडील व काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा संस्थेत शिकलेले. १९३३ मध्ये मुंबईत बी.एस्सी. होताच कमलाबाईंनीही त्याच संस्थेकडे, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेकडे, अर्ज केला. त्यांचे गुण उत्तम होते. तरीही संचालक सी. व्ही. रामन यांनी, केवळ मुलगी म्हणून, प्रवेश नाकारला. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि नकाराचे कारण विचारून तेथेच ठाण मांडून राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे राहील, मार्गदर्शक सांगतील तितका वेळ काम करावे लागेल आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये, अशा त्या अटी होत्या. एका वर्गमित्राला या अटी कधी घालण्यात आल्या असत्या काय, हा प्रश्न वाचकांनीच स्वतःला विचारावा.

वर्षभराच्या कामाने रामन यांचे समाधान झाले आणि नियमित प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून कमलाबाई १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्या. पुढे केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्या प्रथम डेरेक रिश्टर व नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या. तेथे बटाट्याचा अभ्यास करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असून तो ऑक्सिडीकरणात भाग घेतो, असे त्यांना दिसून आले. हे लहानसे प्रथिन आपल्यातील लोहाच्या अणूच्या साहाय्याने एका वेळी एक इलेक्ट्रॉन घेते आणि पुढे देते. श्वसनातून ऊर्जा मिळण्याच्या साखळीतील ही एक कडी आहे. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

या प्रथिनाची कहाणी मात्र तेथे संपली नाही. १९९६ मध्ये शियाओडोंग वांग यांच्या गटाने दाखविले, की तंतुकणिकेतून बाहेर पडलेला सायटोक्रोम सी पेशीच्या नियोजित मृत्यूची प्रक्रिया सुरू करण्यास मदत करतो. वृद्ध झालेल्या कित्येक पेशी अशा मृत्यूला दाद देत नाहीत व शरीरात साचतात. वार्धक्याच्या जीवशास्त्रातील हा एक महत्त्वाचा प्रश्न आहे. २०१६ मध्ये फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्या प्रयोगशाळेने एका जिवाणूच्या सायटोक्रोम सी मधील मोजकी अमिनो आम्ले बदलली. त्या प्रथिनाकडून कार्बन व सिलिकॉन यांचा बंध कार्यक्षमतेने घडवून घेता आला. सजीवांकडून होत असल्याचे ठाऊक नसलेले हे काम होते. विकरांच्या निर्देशित उत्क्रांतीसाठी अर्नोल्ड यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

कमलाबाईंना १९३८ च्या सुमारास यातले काहीच दिसणे शक्य नव्हते. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो बटाट्यापुरता. संशोधनाच्या आरंभी बहुधा असेच असते: हाताशी एक साधा पदार्थ, एक नेमका प्रश्न, आणि काम करू देणारी जागा. यांपैकी तिसरी गोष्ट त्यांना भांडून मिळवावी लागली.

अकरावीला श्वसनाचा पाठ शिकविताना सायटोक्रोम सी चे नाव येतेच. त्या वेळी इलेक्ट्रॉनच्या साखळीबरोबर या अटीही वर्गाला सांगाव्यात, आणि मागच्या बाकावरच्या मुलींनी प्रश्न विचारले तर तास थोडा लांबू द्यावा, असे आम्हांस वाटते.