एक गुणाकार, पाच रीती: ‘लीलावती’तील अध्यापनविचार

एकच गणित अनेक रीतींनी सोडवायला शिकवणे ही आधुनिक शिक्षणशास्त्राची देणगी आहे, असे सहसा मानले जाते. भारतीय गणिताचा इतिहास पाहिला की ही समजूत तपासून घ्यावी लागते. त्यासाठी या पाठात आपण एकच उदाहरण पाहू.

इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात गुणाकाराच्या चार रीती नोंदवल्या. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचा अंकगणितावरील भाग. त्यात लीलावतीला उद्देशून प्रश्न येतो: १३५ ला १२ ने गुणले तर किती? उत्तराकडे जाणाऱ्या वाटा मात्र पाच आहेत.

१. १२ ने प्रत्येक अंकाला गुणून स्थानांनुसार बेरीज: १२०० + ३६० + ६०.
२. १२ चे ८ व ४ असे खंड: १०८० + ५४०.
३. १२ चे ३ व ४ हे अवयव: १३५ × ३ = ४०५; ४०५ × ४.
४. १२ मधील अंक स्थानांनुसार वेगळे: १३५० + २७०.
५. १२ मध्ये सोयीची संख्या मिळवून किंवा वजा करून: २० ने गुणल्यास २७००, त्यातून १३५ × ८, म्हणजे १०८० वजा.

प्रत्येक वेळी उत्तर १६२० च येते. पाचव्या रीतीत सोयीच्या संख्येला ‘इष्ट’ म्हटले आहे. ती कोणती घ्यायची, हे गणित करणाऱ्यानेच ठरवायचे. म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य नियमातच आहे.

पण या रीती एकच उत्तर का देतात? श्लोक लहान आणि पाठ करण्याजोगे असल्याने कारण सांगायला त्यांत जागा नव्हती. ते काम टीकाकार आणि गुरू करत. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये लिहिलेल्या ‘बुद्धिविलासिनी’ या टीकेत नियमांच्या उपपत्ती, म्हणजे सिद्धता, दिल्या आहेत.

या परंपरेचा गौरव करताना तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. मात्र संस्कृत विद्येची दारे तेव्हा बहुसंख्य जातींना आणि स्त्रियांना बंद होती. ग्रंथात प्रश्न लीलावतीला विचारला आहे. पण त्यावरून त्या काळी मुली सर्रास गणित शिकत होत्या, असा निष्कर्ष काढता येत नाही.

सर्व मुलांसाठी शाळा हा विचार बऱ्याच नंतरचा. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ साठी नेमलेल्या गणितविषयक गटाने, शिकवलेल्या एकाच रीतीने एकच बरोबर उत्तर काढण्याच्या जाचातून शालेय गणित सोडवावे, अशी भूमिका मांडली. जुनी कल्पना येथे प्रत्येक मुलाचा हक्क म्हणून पुढे आली.

तरीही धोका उरतोच. पाचही रीती पाठ करून घेतल्या, तर मुलाचे ओझे पाचपट वाढते. १२ ची फोड कशीही केली तरी संख्या १२ च राहते, हे उमगले की पाच रीतींमागे एकच तत्त्व दिसते आणि सहावी रीत मूल स्वतः शोधू शकते. म्हणून या इतिहासाकडे रीतींची यादी म्हणून न पाहता, प्रत्येक रीतीबरोबर उपपत्ती देण्याची शिस्त त्यातून घ्यायला हवी.

विचारार्थ प्रश्न: ९९ × ४७ हा गुणाकार तुम्ही कोणत्या रीतीने कराल आणि का?