दहिसरचा नाका आणि घरांचे भाव

दहिसर आणि मिरा रोड ही पश्चिम रेल्वेवरील लागोपाठची दोन स्थानके आहेत. दोन्हीकडची जमीन साष्टी बेटाचीच, खाजणे, मिठागरे आणि भातशेती यांची; तरीही या शेजारी उपनगरांतील घरांच्या भावांत गेली कित्येक दशके ठळक तफावत राहिली आहे. तिचा उगम जमिनीच्या गुणात शोधण्यापेक्षा 1957 साली ठरलेल्या हद्दीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

रेल्वेने हा सगळा पट्टा फार पूर्वीच जोडला होता. विरारहून मुंबईला येणारी उपनगरी गाडी 1867 साली सुरू झाली आणि 1928 साली बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. महापालिकेची हद्द मात्र टप्प्याटप्प्याने सरकली: 1950 साली ती जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत पोहोचली आणि 1957 साली दहिसर व मुलुंड या गावांवर थांबली. पलीकडे ठाणे जिल्ह्यातील ग्रामपंचायतींचा कारभार राहिला, आणि हद्दीवर जकात नाका, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर कर घेणारे ठाणे, उभा राहिला.

हद्दीचे हे महत्त्व घराच्या व्यवहाराचे स्वरूप बदलल्यामुळे वाढले. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे प्रमाण भाडे, म्हणजे आकारता येणारे कमाल भाडे, 1940 च्या पातळीशी बांधले. परिणामी भाड्याने देण्यासाठी चाळी बांधणे किफायतशीर राहिले नाही, आणि भाडेकरूचा ताबा हस्तांतरित करताना उघडपणे न दाखवता घेतली जाणारी मोठी रक्कम, म्हणजे पागडी, सर्रास रूढ झाली. पुढे मालकी हक्काच्या सदनिकांची पद्धत पसरली आणि 1963 च्या महाराष्ट्र कायद्याने तिचे नियमन केले. गिरगाव किंवा परळच्या खोलीत नाममात्र भाड्यावर राहणाऱ्या कुटुंबाला आता सगळी रक्कम उभी करावी लागे, आणि ती जिथे पुरेल तिथवर उत्तरेकडे सरकावे लागे.

1976 च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याचा हेतू मोकळी जमीन मोजक्या हातांत अडकू नये हा होता. प्रत्यक्षात सरकारच्या ताब्यात फारच थोडी जमीन आली, उरलेली खटल्यांत आणि सवलतींच्या अर्जांत अडकली, आणि मुंबईत जमिनीची टंचाई वाढली. महाराष्ट्राने हा कायदा 2007 साली सोडून दिला तो बऱ्याच उशिरा, असेच म्हणावे लागते. या काळात नाक्यापलीकडे इमारती झपाट्याने उठत गेल्या आणि सेवा मागाहून आल्या: मिरा-भाईंदरला नगरपालिका मिळाली ती 1985 साली, महानगरपालिका 2002 साली. तिकडे जाणाऱ्या सगळ्यांनाच स्वस्ताईने नेले असे मात्र नाही. 1992-93 च्या दंगलींनंतर अनेक मुस्लीम कुटुंबांनी मिरा रोड निवडले ते सुरक्षिततेसाठी, आणि घरांच्या इतिहासात भावांइतकीच ही कारणेही मोजावी लागतात.

दहिसरच्या बाजूला भाव चढण्यास 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीचाही हातभार लागला. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे सांगणारा चटई क्षेत्र निर्देशांक उपनगरांत साधारणतः 1 होता. नव्या नियमांनी आरक्षित जमीन महापालिकेला देणाऱ्यास मिळणारे हस्तांतरणीय विकास हक्क दुसऱ्या भूखंडावर वापरण्याची मुभा दिली, आणि दक्षिणेत निर्माण झालेले हे हक्क उत्तरेकडील उपनगरांत खपू लागले. घरांची संख्या वाढली, पण वाढीव बांधकामाची अपेक्षाच जमिनीच्या किमतीत मिसळत गेल्याने घरे त्या प्रमाणात स्वस्त झाली नाहीत.

वस्तू आणि सेवा कर लागू होताच 2017 साली मुंबईची जकात गेली, पण तफावत उरली, कारण ती केवळ करावर उभी नव्हती. मुंबई महापालिकेचे पाणी प्रामुख्याने तानसा, वैतरणा, भातसा यांसारख्या जलाशयांच्या तिच्या जुन्या व्यवस्थेतून येते. मिरा-भाईंदरला ते ‘स्टेम’ प्राधिकरण आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडून घ्यावे लागते. त्यात 2022 साली मेट्रो दहिसरपर्यंत येऊन थांबली, आणि त्याच वर्षी मुंबई महापालिकेच्या हद्दीतील 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला.