पांढरी उकरण्याआधी एकदा वाचून घ्या

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण विषय जवळजवळ प्रत्येक गावाचा आहे, तेव्हा सवडीने वाचा.

आपल्याकडे गावच्या जमिनीचे जुने दोन भाग. पिकते ती काळी, माणसं राहतात ती पांढरी. शेकडो वर्षं एकाच जागी चुली पेटल्या, राख पडली, मातीच्या भिंती ढासळल्या आणि त्यावरच पुन्हा घरं उभी राहिली, की जमिनीचा रंगच बदलतो. गाव उठून गेलं तरी ती पांढुरकी माती टेकाड होऊन राहते. म्हणजे एक फावडंही न मारता जुनी वस्ती ओळखायची खूण आपल्या बोलण्यात आधीपासूनच आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांचे विद्यार्थी नदीकाठाने पायी फिरले, खापरं वेचली आणि अशा कितीतरी वस्त्या उजेडात आणल्या.

आता ही टेकाडं संपत चालली आहेत. पांढरीची माती शेताला चांगली म्हणून पूर्वी बैलगाडीने जायची, आता जेसीबी आणि टिप्परने जाते. त्यात गुप्तधनवाल्यांची भर. मेटल डिटेक्टर घेऊन रात्री येतात, खड्डा पाडतात, निघून जातात. बातम्या करताना असे खड्डे मी बरेच पाहिलेत. काय सापडलं ते कुणी सांगत नाही. काय फुटलं ते मात्र खड्ड्याच्या काठावर पडलेलं असतं.

एक गोष्ट नीट समजून घेऊ. पुरातत्त्वाचं शास्त्रीय उत्खनन हीसुद्धा एक प्रकारची मोडतोडच असते, फक्त नोंद ठेवून केलेली. घोड नदीकाठच्या इनामगावात १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई चालली. १३० पेक्षा जास्त घरं सापडली. तीन हजार वर्षांपूर्वीचा आपला शेतकरी काय पेरत होता, काय खात होता, मेलेल्याला कसं पुरत होता हे त्यातून कळलं. पण एकदा काढलेला थर पुन्हा बसवता येत नाही. पुस्तकाचं पान वाचता वाचता फाडायचं, तसं हे काम. म्हणून जाणता संशोधक सगळी जागा खणत नाही. पुढच्या पिढीच्या हाती चांगली साधनं येतील म्हणून काही भाग राखून ठेवतो.

तेरचंच बघा. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे जुनं तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर त्याचा उल्लेख आहे. गावातले रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा जुन्या वस्तू जपल्या, त्यातूनच तिथलं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. तिथली हस्तिदंती बाहुली इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या भारतीय बाहुलीशी नातं सांगते. लामतुरे नसते तर हे सगळं कुठं गेलं असतं कोण जाणे. पण अशी वेचलेली वस्तू आपल्याला अर्धंच सांगते. ती कोणत्या थरात होती, शेजारी चूल होती की दुकान, हे मातीबरोबर निघून गेलेलं असतं.

आज मात्र न खणता आत पाहता येतं. जीपीआर म्हणजे जमिनीत रडारच्या लहरी सोडायच्या आणि भिंत, फरशी, पोकळी यांवरून परत येणाऱ्या लहरी टिपायच्या. मॅग्नेटोमीटरला भट्टी, चूल अशी भाजलेली माती कळते. जमिनीतून वीज किती सहज जाते हे मोजलं, की बुजलेला खंदक किंवा पाया ओळखता येतो. रोमच्या उत्तरेला फालेरी नोवी नावाचं अख्खं रोमन शहर शेताखाली आहे. संशोधकांनी छोट्या गाडीमागे जीपीआर बांधून ३०.५ हेक्टर जागा पिंजून काढली. देऊळ, बाजार, स्नानगृह असा पूर्ण नकाशा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. कुदळ एकदाही लागली नाही. आपल्या देशातही गुजरातमधल्या धोलावीरात जीपीआरचं काम झालं आहे.

पण यंत्र म्हणजे देव नाही. आपल्या काळ्या चिकणमातीत, त्यातही ओल असेल तर, रडारच्या लहरी लवकर विरतात. दख्खनचा काळा दगड स्वतःच चुंबकीय, त्यामुळे मॅग्नेटोमीटर गोंधळतो. म्हणून एकाच यंत्रावर विसंबून चालत नाही. आणि यंत्र फक्त इतकंच सांगतं, की इथं काहीतरी वेगळं आहे. अयोध्येत खोदाईआधी झालेल्या जीपीआर पाहणीच्या अहवालात अशा १८४ जागा दाखवल्या होत्या. त्या नेमक्या काय आहेत हे तपासायला कोर्टाच्या आदेशाने २००३ मध्ये उत्खनन करावंच लागलं. (त्या वादावर कमेंटमध्ये भांडू नका, मुद्दा यंत्राचा आहे.) यंत्राने खणणं संपत नाही. कुठं खणायचं आणि कुठं हातही लावायचा नाही, हे मात्र आधी कळतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. रस्ता, कालवा, प्लॉटिंग यांची मोजणी जशी आधी होते, तशी वाटेत पांढरी येत असेल तर तिचीही पाहणी आधी व्हावी. सगळीकडे महागडी यंत्रं लागत नाहीत. पुरलेल्या भिंतीवर पीक खुरटं राहतं, लवकर पिवळं पडतं. बुजलेल्या खंदकावर हिरवंगार राहतं. लग्नाच्या शूटिंगला आणतो तोच ड्रोन योग्य हंगामात वरून फिरवला तर शेताखालच्या भिंतींच्या रेघा दिसू शकतात. ग्रामपंचायतीने गट नंबर, चार फोटो आणि जुन्या माणसांकडून ऐकलेलं टेकाडाचं नाव एवढं जरी लिहून ठेवलं, तरी सुरुवात झाली.

आणि हो, जमिनीत दडलेलं मौल्यवान काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १८७८ चा कायदा आहे आणि मर्यादा दहा रुपयांची आहे! म्हणजे नाण्यांचं गाडगं निघालं तर ते सोनाराकडं नेण्याची गोष्ट नाही.

तुमच्या गावची पांढरी कुठं आहे, तिला काय म्हणतात आणि आज ती किती उरली आहे, कमेंटमध्ये लिहा. आपण तालुक्याची यादी करू. जेसीबी पोचण्याआधी ती यादी तहसीलच्या टेबलावर पोचली पाहिजे.