लक्ष्मीबाईंची वेगळी चूल



स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा आपल्या चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लिहिणे म्हणजे वाण्याची यादी आणि माहेरची पत्रे, तीही आता फोनमुळे बंद झाली. पण त्या म्हणाल्या, "तुम्हां ख्रिस्ती लोकांचा नाताळचा फराळ आम्हांला ठाऊक, बाकी वर्षभर तुमचा धर्म घरात कसा चालतो ते कुठे ठाऊक आहे?" हे मात्र खरे वाटले. तेव्हा एका बाईची हकिकत सांगते. ती आपल्या नगरात राहून गेली आहे. (शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण जिभेला नगरच येते.)

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत निघाले. आमच्या सासूबाईंजवळ त्याची एक जुनी प्रत होती. शिवण उसवलेली, हळदीचे डाग पडलेली. लग्न होऊन आले तेव्हा दुपारी त्या मला मोठ्याने वाचायला लावीत. मी अडखळे, पण पुस्तक अडखळू देत नसे, कारण ते बायका बोलतात तसेच लिहिलेले आहे. लिहिणारी बाईही शाळेत गेलेली नव्हती. लिहिणेवाचणे ती लग्नानंतर नवऱ्याजवळ शिकली.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या बंडात सापडून फाशी गेले. त्या धसक्याने म्हणा, लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेडच लागले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. साऱ्या घराला त्याचा जाच. पोरीबाळी धुऊन धुऊन थकत. अशा घरातली ही मुलगी, अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांना दिली. टिळक कवी, विद्वान आणि अतिशय लहरी. आज इथे तर उद्या तिथे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी विचारले नाही. टिळक आमच्या लोकांना फार पूज्य आहेत, रविवारी आम्ही 'उपासना संगीता'तली त्यांचीच भजने गातो, तरी ही गोष्ट मला अजून पटलेली नाही. बाई लहान मूल घेऊन नातेवाइकांच्या दारी राहिली. लोकांचे बोल तिने ऐकले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. सासूबाई या पानांवर आल्या की चष्मा पुसायच्या.

पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या. पण ख्रिस्ती व्हायला नव्हे, संसार करायला. त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या पदरात टाकले पाहिजे. आमच्या भागात अमेरिकन मिशनचे लोक १८३१ साली आले, आणि खेडोपाडी ख्रिस्ती झाले ते बहुतेक महारमांगांतले. अशा लोकांत उठबस करणाऱ्या नवऱ्याच्या घरात सोवळ्यात वाढलेली ही बाई आपला हंडा सांभाळून बसली होती.

मग चूल एक कशी झाली? कोणी प्रवचन देऊन नव्हे. बाईने स्वतःशीच विचार केला. जात देवाने केली असती तर माणसाच्या अंगावर तिची काही खूण असती, जनावरांत जशी वेगळेपणाची खूण असते. ती नाही, तेव्हा हे काम माणसाचे. एवढे मनाशी ठरले आणि त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. माझ्या मते त्यांचा खरा बाप्तिस्मा पाण्याच्या हंड्याजवळच झाला. पाळकसाहेबांना हे चालेल की नाही, ठाऊक नाही.

त्यानंतरचा त्यांचा संसार वाचावा. टिळक रस्त्यावरचे पोरके मूल उचलून घरी आणणार, घरातले असेल ते कोणालातरी देऊन मोकळे होणार, आणि ऐन जेवणाच्या वेळी चार पाहुणे उभे करणार. लक्ष्मीबाई रागावत, भांडत, आणि पुन्हा पीठ मळायला बसत. त्यांनी पानात वाढताना जात विचारली नाही. देवळातली उपासना तासाभराची, पण हे चोवीस तासांचे. आमच्यात ख्रिस्ती समाजाला 'मंडळी' म्हणतात. आपण घरातल्या माणसांना मंडळी म्हणतो तोच शब्द. १९१९ साली टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते या शाळा न पाहिलेल्या बाईने पुरे केले.

आता माझी गोष्ट. सांगायला जड जाते.

लहानपणी आईबरोबर मी एका घरी दळण द्यायला जात असे. तिथे आम्हांला चहा मिळे तो खिडकीत पालथ्या ठेवलेल्या कपातून. पिऊन झाला की आपणच विसळून तिथेच पालथा घालायचा. तो कप मी कधी विसरले नाही. तरीही, माझ्या स्वतःच्या घराच्या मागच्या ओट्यावर, नळाशेजारी, एक कान तुटलेला कप कित्येक वर्षे होता. गल्ली झाडायला येणाऱ्या मावशींचा. मी तो मुद्दाम ठेवला असे म्हणवत नाही. कोणी ठेवला तेही आठवत नाही. पण घरातल्या कपांत तो कधी आला नाही, एवढे खरे. आणि दर बुधवारी पुढच्या खोलीत प्रार्थनासभा व्हायची, वीस बायका यायच्या, टिळकांची भजने व्हायची.

सासूबाई गेल्या त्या वर्षी ते पुस्तक मी पुन्हा काढले. वेगळ्या चुलीचे पान आले आणि माझे डोळे मागच्या दाराकडे गेले. बराच वेळ पुढे वाचवेना. यजमानांना सांगितले, तर ते म्हणाले, "अगं, सगळ्यांकडे असतो." सगळ्यांकडे असतो म्हणूनच तर मला रडू आले.

दुसऱ्या दिवशी मावशींना आत बोलावून खुर्चीवर बसवले, घरातल्या कपात चहा दिला. त्या अवघडल्या. "बाई, माझा कप फुटला का?" म्हणाल्या. मी हो म्हटले. खोटेच बोलले, कारण तो मीच सकाळी कचऱ्यात टाकला होता. चहा झाल्यावर मी नको नको म्हणत असताना त्यांनी कप विसळला आणि सवयीने ओट्यावर पालथा घातला. मी तो उचलून आत नेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच झाले. चार वर्षे झाली. त्या बुधवारी आमच्यात येऊन बसतात, टाळही छान धरतात. पण कप अजून ओट्यावरच पालथा घालतात, आणि मी तो रोज आत आणते.