बळ येते कोठून?



माणसाच्या अंगी बळ येते कोठून, असे कोणी विचारले तर आपण काय उत्तर द्याल? बहुतेकजण दंडाकडे बोट दाखवतील. काहीजण दूध, तूप आणि बदाम यांची नावे घेतील. घरातील वडीलधारी माणसे म्हणतील की, बळ देणारा परमेश्वर. ही सारी उत्तरे आपापल्या जागी ठीक आहेत. परंतु खाल्लेल्या भाकरीचे बळ कसे होते, ते हाडापर्यंत कसे पोहोचते आणि पाऊल पुढे कसे पडते, हे त्यातून कळत नाही. या प्रश्नामागे विद्वान सुमारे दोन हजार वर्षे लागले आहेत आणि तो अजूनही पुरता सुटलेला नाही.

हा प्रश्न केवळ पुस्तकी आहे असे समजू नका. आपली कितीतरी मुले-मुली पोलीस भरतीसाठी पहाटे उठून धावतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर अंतर ठरावीक वेळात कापावे लागते. काही मुले व्यायामशाळेत जाऊन दोन महिन्यांत शरीर कमावू पाहतात. त्यांपैकी काहींची टाच दुखावते, काहींचा गुडघा कायमचा कुरकुरू लागतो आणि उमेदीचे वर्ष वाया जाते. बळ कोठून येते हे ठाऊक असते तर यातले पुष्कळसे टळले असते. म्हणून ही हकीकत आपणापुढे ठेवीत आहे.

जुन्या वैद्यांची शिकवण

प्रथम दोन शब्द नीट समजून घेऊ. हाडावर जे मांस असते, जे आखडते आणि सैल होते, त्यास आपण स्नायू म्हणतो. हा स्नायू ज्या चिवट, पांढऱ्या दोरीने हाडाला बांधलेला असतो, तिला कंडरा म्हणतात. टाचेच्या मागे बोटांच्या चिमटीत धरता येते ती जाड दोरी म्हणजे कंडराच होय. लोक तिला शीर किंवा नस म्हणतात, पण ती रक्तवाहिनी नव्हे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत पेशी, स्नायू आणि कंडरा यांची वेगवेगळी गणती केलेली आहे. त्यात कंडरांची संख्या सोळा दिली आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्याने प्राण्यांची शरीरे चिरून पाहिली आणि मज्जातंतू तोडल्यास स्नायू निकामी होतो, हे दाखवून दिले. पुढे इब्न सीना (९८०–१०३७) यांनी ‘अल्-कानून फित्तिब’ या महाग्रंथाच्या पहिल्याच भागात स्नायू, मज्जातंतू आणि कंडरा यांची पद्धतशीर मांडणी केली. युरोपातील वैद्यकीय विद्यालयांत हा ग्रंथ कित्येक शतके शिकवला जात होता. कंडरेला अरबीत ‘वतर’ म्हणतात आणि धनुष्याच्या दोरीलाही वतरच म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

फुग्याची कल्पना फुटली

स्नायू फुगतो कसा? जुन्या विद्वानांची समजूत अशी होती की, मेंदूतून एक सूक्ष्म वायू मज्जातंतूंच्या पोकळीतून खाली येतो आणि स्नायू फुग्यासारखा फुगवतो. ही समजूत दीड हजार वर्षे टिकली. सतराव्या शतकात हॉलंडमधील स्वामरडाम याने बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत बंद केला आणि तो आखडताना किती जागा व्यापतो ते पाहिले. स्नायू आखूड झाला, जाड झाला, परंतु त्याचे आकारमान वाढले नाही. बाहेरून वायू आत आला असता तर ते वाढायला हवे होते. एवढ्याशा नळीने दीड हजार वर्षांची समजूत मोडीत काढली.

त्याच काळात इटलीतील बोरेली या गणितज्ञाने शरीराकडे यंत्र म्हणून पाहिले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८० साली प्रसिद्ध होऊ लागला. त्याने काय दाखवले ते आपणही पडताळून पाहू शकता. समजा, गोकुळपेठच्या बाजारातून आपण ५ किलो भाजीची पिशवी कोपर काटकोनात वाकवून आणीत आहात. कोपरापासून तळहात सुमारे ३५ सेंटीमीटर दूर आहे. पण दंडाचा स्नायू कोपरापासून अवघ्या ५ सेंटीमीटरच्या आसपास हाडाला बांधलेला आहे. तरफेचा नियम लावा. पिशवी तोलण्यासाठी स्नायूला सातपट, म्हणजे ३५ किलोच्या वजनाइतका ओढा द्यावा लागतो! आपला हात ‘फक्त ५ किलो’ उचलतो असे आपण म्हणतो, परंतु आतला मजूर त्याच्या सातपट राबत असतो. मोबदल्यात एक लाभ होतो. स्नायू थोडासा आखडला की हात मोठे अंतर झपाट्याने कापतो.

उस्ताद, शागीर्द आणि क्ष-किरण

आता आपल्या मुलखाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गायकवाडांच्या बडोद्यात जुम्मादादा नावाचे एक मुसलमान उस्ताद होते. त्यांच्या तालमीत तयार झालेले नामांकित शागीर्द म्हणजे राजरत्न प्रोफेसर माणिकराव. माणिकरावांनी आपल्या व्यायाममंदिराला गुरूचे नाव दिले आणि ‘जुम्मादादा व्यायाममंदिर’ हे नाव देशभर पोहोचले. हिंदू शागिर्दाने मुसलमान उस्तादाचे नाव असे अभिमानाने मिरवावे, ही गोष्ट आपल्या मुलांना मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे हा तरुण शिकला. १८८३ साली डभोई येथे जन्मलेला हा तरुण पुढे खानदेशात अमळनेरच्या शिक्षणसंस्थेत अध्यापक झाला आणि स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्धीस आला. मालसरच्या माधवदासजींकडून त्यांनी योगाचे शिक्षण घेतले. परंतु गुरूने सांगितले आणि आपण मानले, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. योगाच्या क्रियांनी शरीरात खरोखर काय घडते, हे त्यांना यंत्राने पाहायचे होते. बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचे क्ष-किरणांच्या साहाय्याने निरीक्षण केले. नौलीत पोटाचे मधले उभे स्नायू वेगळे काढून आखडले जातात. त्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवले. त्या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूचे, माधवदासजींचे, नाव दिले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे संशोधनाचे नियतकालिक सुरू केले.

उस्तादाजवळ हुनर होते, शागिर्दाच्या शागिर्दाने त्याला इल्माची जोड दिली. कोणते हे जाणणे हुनराचे काम, कसे आणि किती हे मोजणे इल्माचे. दोघांची गाठ पडली तेव्हाच लोणावळ्याची प्रयोगशाळा उभी राहिली.

आपल्या विदर्भातही या तालमीचा वारसा मोठा आहे. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. तेथून वाढलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली.

दोन सायकली

कुवलयानंद बडोद्यात प्रयोग करीत होते त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ए. व्ही. हिल हे शास्त्रज्ञ बेडकाच्या स्नायूतून निघणारी अत्यल्प उष्णता मोजत होते. या कामासाठी त्यांना ऑटो मायरहोफ यांच्यासमवेत १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३८ साली हिल यांनी एक महत्त्वाचा नियम मांडला. स्नायू जितक्या वेगाने आखडतो, तितके त्याचे बळ कमी पडते. म्हणूनच रिकामी बादली आपण झटकन उचलतो, परंतु पाण्याने भरलेली बादली हळूहळूच वर येते. हेच हिल १९४३-४४ साली भारतात आले होते आणि येथील विज्ञानसंशोधन कसे वाढवावे याविषयी त्यांनी सरकारला अहवाल दिला होता.

१९५२ साली ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पायडल पुढे मारायचे, दुसऱ्याने उलट फिरणाऱ्या पायडलांना अडवून धरायचे. दोघांच्या पायांवरचा भार सारखाच. पण अडवणाऱ्याला प्राणवायू कित्येक पट कमी लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीत हा प्रयोग दाखवताना ब्रेंडा बिगलँड यांनी अडवून धरले आणि पायडल मारणारा पुरुष बघता बघता दमला! मुलींच्या अंगी बळ कमी, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी. ताणला जाणारा स्नायू थोड्या खर्चात मोठे बळ देतो, असा याचा अर्थ. सेमिनरी हिल्सचा चढ चढताना दम लागतो आणि उतरताना लागत नाही, त्याचे कारण हेच. परंतु उताराचे काम फुकट नसते. सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतारामुळे.

मग आखडणे म्हणजे नेमके काय? १९५४ साली हक्सले आडनावाच्या दोन शास्त्रज्ञांनी, जे एकमेकांचे नातेवाईक नव्हते, आपापल्या सहकाऱ्यांसह एकाच वेळी याचा उलगडा केला. स्नायूत जाड आणि बारीक असे दोन प्रकारचे तंतू असतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत सरकवा, तसे ते एकमेकांत सरकतात. तंतू स्वतः आखूड होत नाहीत. जाड तंतूंना असलेली असंख्य सूक्ष्म डोकी बारीक तंतूंना धरतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा धरतात. रस्सीखेचेतली मंडळी दोर हात बदलीत ओढतात, अगदी तसे. त्यासाठी लागणारी शक्ती शेवटी आपल्या भाकरीतूनच येते.

दोरीचे काम

येथवर सारा मान स्नायूला मिळाला. कंडरा म्हणजे केवळ बांधायची दोरी, असे समजले जाई. १९७३ साली डॉसन आणि टेलर यांनी कांगारूला फिरत्या पट्ट्यावर उड्या मारायला लावले. वेग वाढला तरी त्याला लागणारा प्राणवायू वाढेना! मग ही शक्ती येत होती कोठून? त्याच्या पायांतील लांब कंडरा प्रत्येक उडीला रबरासारख्या ताणल्या जात आणि सुटताना ती शक्ती परत देत.

माणसाचे काय? १९८७ साली इंग्लंडमधील मॅकनील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. धावताना प्रत्येक पावलाला जी शक्ती उलटसुलट होते, तिच्यापैकी सुमारे ३५ टक्के टाचेची कंडरा साठवते आणि सुमारे १७ टक्के तळपायाची कमान. कंडरा साठवलेल्या शक्तीचा नऊ दशांशाहून अधिक वाटा परत करते. फिनलंडमध्ये पावो कोमी यांनी स्वयंसेवकांच्या टाचेच्या कंडरेवर शस्त्रक्रियेने मापक बसवला. धावताना तेथे ९००० न्यूटन, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे बारापट ओढा आढळला. पुढे २००१ साली जपानमधील फुकुनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींच्या यंत्राने चालत्या माणसाची पोटरी पाहिली. पाऊल टेकलेले असताना बराच वेळ स्नायूचे तंतू फारसे हलत नाहीत. ते दोरी घट्ट धरून ठेवतात आणि ताणणे-सुटणे कंडरा करते. आता ‘वतर’ हा शब्द आठवा. टाचेची दोरी खरोखरच धनुष्याच्या दोरीचे काम करते.

विद्यार्थ्यांनो, हे स्वतः करून पाहा. आधी खोल बैठकीत क्षणभर थांबा आणि तेथून उंच उडी मारा. मग उभे राहून झटकन खाली वाका आणि न थांबता उडी मारा. दुसरी उडी जास्त उंच जाईल. खाली वाकताना स्नायूला जोर धरायला वेळ मिळतो आणि कंडराही ताणली जाते.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट भरतीच्या उमेदवारांसाठी. व्यायामाने स्नायू काही आठवड्यांत बळावतो, पण कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो आणि तिला तयार व्हायला कित्येक महिने लागतात. म्हणून जाहिरात निघाल्यावर धावू लागणे म्हणजे घोडा तगडा आणि लगाम कच्चा. वर्षभर आधी सुरुवात करा, अंतर थोडेथोडे वाढवा. सकाळी उठल्यावर टाच दुखत असेल तर ‘धावता धावता बरी होईल’ असे म्हणू नका. विश्रांती घ्या, डॉक्टरांना दाखवा. शरीर झटपट फुगवणाऱ्या इंजेक्शनांपासून तर दूरच राहा. त्यांनी मांस वाढते, पण दोरी तितक्या वेगाने तयार होत नाही आणि मग ती तुटते.

दुसरी गोष्ट पालकांसाठी. नागपुरात कोष्टी आणि मोमीन विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने धोटा फेकला आणि पायाने पावडी दाबली. किती जोराने दाबावी, केव्हा सोडावी, हे त्यांच्या पायांना ठाऊक होते. ते हुनर अडाणीपणा नव्हते. परंतु ‘असे का?’ हा प्रश्न विचारण्याची फुरसत आणि शाळा त्यांना मिळाली नाही. आपल्या मुलांना ती मिळाली आहे. फिजिओथेरपी, क्रीडाविज्ञान, कृत्रिम अवयवांचे तंत्र हे सारे मार्ग आज मुलांना आणि मुलींनाही खुले आहेत आणि त्यांचे मूळ याच प्रश्नात आहे.

तेव्हा घरी मुलाने ‘हे असे का?’ म्हणून विचारले तर त्यास गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर त्याच्याबरोबर शोधा. काचेच्या एका नळीने दीड हजार वर्षांची समजूत मोडली आणि जुम्मादादांच्या तालमीचा धागा लोणावळ्याच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला, तो विचारणाऱ्यांमुळेच.