‘ॲलिस’नंतरचा कॅरोल

लुई कॅरोल या टोपणनांवानें लिहिणारा चार्लस डॉज्सन हा ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्यें गणिताचा अध्यापक. तेथील डीन लिडेल यांच्या तीन मुलींना ४ जुलै १८६२ रोजीं नौकाविहारांत त्यानें एक गोष्ट सांगितली. तीच वाढून १८६५ सालीं ‘ॲलिस’ म्हणून प्रसिद्ध झाली. १८७१ च्या दुसऱ्या ‘ॲलिस’नेंहि निराशा केली नाहीं. म्हणूनच ‘सिल्व्ही आणि ब्रूनो’चे १८८९ व १८९३ चे दोन भाग वाचक मोठ्या आशेनें उघडतो आणि खिन्न मनानें मिटतो.

असें कां व्हावें? उतारवयांत प्रतिभा आटली, हें उत्तर पुरेसें नाहीं. कारण याच कादंबरींत विखुरलेलें वेड्या माळ्याचें गाणें त्याच्या पूर्वींच्या कोणत्याहि कवनाच्या तोडीचें आहे. खरें कारण प्रस्तावनेंत सांपडतें. वर्षानुवर्षें टिपून ठेवलेले कल्पनांचे व संवादांचे तुकडे आपण एका सूत्रांत गुंफले, आणि करमणुकीबरोबर गंभीर विचारहि द्यावेत ही आपली इच्छा, असें लेखक स्वतःच सांगतो. पहिल्या गोष्टीपुढें जिवंत श्रोते होते. ते कंटाळते तर ती तेथेंच बुडाली असती. दुसरीपुढें केवळ टिपणें होतीं.

‘ॲलिस’मधील डचेस प्रत्येक गोष्टींतून तात्पर्य काढते, म्हणून आपण तिला हंसतों. चोवीस वर्षांनीं तिच्या जनकानेंच तो उद्योग पत्करावा, हें दुर्दैव! तरीहि, वाचकहो, तें पुस्तक अडगळींत टाकूं नका. माळ्याचें गाणें तेवढें शोधून वाचा. आपला जुना कॅरोल तेथें भेटतो.